महाड, १९२७ : विद्वत्ता आणि संयम

१/ कर्तृत्वाला बुद्धी पुरेशी असते, की स्वतःच्या आणि इतरांच्या भावना सांभाळण्याचे कौशल्यही लागते? महाडचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

२/ २० मार्च १९२७. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेले बॅरिस्टर डॉ. आंबेडकर तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. त्यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाज चवदार तळ्याचे पाणी प्यायला. नगरपालिकेने हे तळे १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते.

३/ वीरेश्वर मंदिरात प्रवेश होणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या बरसल्या. त्यांच्यात निवृत्त सैनिकही होते. प्रतिकाराची आज्ञा मात्र बाबासाहेबांनी दिली नाही. दिली असती, तर हक्काचा लढा दंगल म्हणून नोंदला गेला असता.

४/ डिसेंबरमध्ये न्यायालयाची मनाई आली. सत्याग्रहासाठी आसुसलेल्या हजारोंना थांबवणे त्याहून कठीण होते. तेही त्यांनी समजावून साधले.

५/ १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचा दावा फेटाळला. कायद्याचे ज्ञान न्यायालयात उपयोगी पडले. पण लढा न्यायालयापर्यंत शाबूत पोहोचला, तो संयमामुळे.