अपारदर्शक : एका शब्दावरील सावट

काच पारदर्शक, तेलकट कागद अर्धपारदर्शक आणि लाकडी फळी अपारदर्शक, असे आपण शाळेत शिकलो. ‘पार’ म्हणजे पलीकडे. ज्यातून पलीकडचे दिसत नाही ते अपारदर्शक. त्याबद्दल फळीला कोणी दोष देत नाही. पुढे हा शब्द प्रयोगशाळेतून कचेरीत आला. व्यवहार, हिशेब, नेमणुका यांना तो लागू लागला आणि त्यात आरोपाचा सूर मिसळला.

इंग्रजीतील ‘ओपेक’ या शब्दाचेही असेच झाले. त्याचे मूळ लॅटिन ‘ओपाकुस’, म्हणजे सावलीचा. कवी व्हर्जिलने आपल्या गोपगीतात सावलीतल्या गारव्याला हेच विशेषण लावले आहे. उन्हातून आलेल्याला विसावा देणारा हा शब्द कालांतराने संशयाचा झाला.

शब्दावर असे सावट कसे पडते, याचे ठळक उदाहरण ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी पोप पाचवे पौल यांनी व्हॅटिकनमध्ये दप्तरखाना स्थापन केला. पुढे त्याच्या नावात ‘सेक्रेतुम’ हा शब्द आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘वेगळे ठेवलेले’. पोपमहोदयांचे खासगी दप्तर, एवढेच त्यातून सुचवायचे होते. परंतु लोकांनी त्याचा अर्थ ‘गुप्त’ असा घेतला आणि बंद दारांआड काय दडवले असेल, याच्या कथा रचल्या गेल्या.

दोष केवळ भाषेचा होता काय? पोप तेरावे लिओ यांनी १८८१ मध्ये हे दप्तर अभ्यासकांना खुले केले, तरी अलीकडच्या काळातील कागद दीर्घकाळ बंदच राहत. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा संहार होत असताना पोप बारावे पायस यांनी काय केले, हा प्रश्न म्हणूनच अनेक दशके धुमसत राहिला. अखेर पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या नावातील ‘सेक्रेतुम’ काढून टाकले आणि २ मार्च २०२० रोजी बाराव्या पायस यांच्या कारकिर्दीचे दप्तर संशोधकांपुढे ठेवले. नुसते नाव बदलले असते, तर ती सारवासारव ठरली असती. नावापाठोपाठ दारही उघडले, हे महत्त्वाचे.

याच दोन घटनांच्या दरम्यान, डिसेंबर २०१९ मध्ये, धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांना असलेले ‘पोपीय गुप्ततेचे’ कवच त्यांनी काढून घेतले. पापनिवेदनाच्या गोपनीयतेला मात्र धक्का लागला नाही. या दोन गोष्टींतील भेद आपण नीट ध्यानी घ्यावा. पापनिवेदनातील मौन दुर्बळाला आधार देते. ती व्हर्जिलची सावली आहे. अत्याचारावरील मौन बलवानाला आडोसा देते, ती अपारदर्शकता.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण कौतुकाने म्हणतो. घरातले दुःख, कुणाची चूक, कुणाला केलेले दान यांपुरते ते खरेही आहे. पण मुठीत चार जणांचा पैसा किंवा एखाद्या लेकराचे अश्रू असतील, तर ती उघडलीच पाहिजे. मूठ कुणासाठी झाकली आहे, हे प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावे.