तक्ता तुटणे हा दोष नव्हे

संगणकाकडून तयार होणाऱ्या बिलांच्या, निकालपत्रकांच्या आणि हिशेबांच्या छपाईत एक मत आता नियम होऊन बसले आहे: तक्ता दोन पानांत विभागू नये. या पक्षाचे म्हणणे फोल नाही. तक्ता वाचताना नजर आडवी आणि उभी दोन्हीकडे फिरते. मध्येच पान उलटावे लागले की तुलना मोडते, रकान्याचे नाव मागे राहते आणि आकडे पुढे जातात. म्हणून ही मंडळी सीएसएसमध्ये सबंध तक्त्यालाच 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' लावतात. तरीही मावला नाही, तर अक्षर बारीक करतात. चार ओळींच्या तक्त्याला हे शोभते. सरसकट सगळ्यांना लावणे मात्र आम्हाला अमान्य आहे.

ए-फोर कागदाची उंची 297 मिलिमीटर. 400 मिलिमीटरचा तक्ता त्यात कोणत्या आज्ञेने बसवणार? 'अव्हॉइड' म्हणजे 'शक्यतो टाळा', एवढेच. शक्य नसेल तेव्हा तक्ता तुटतोच, आणि कुठे तुटावा हे कोणी ठरवलेलेच नसल्यामुळे भलत्या जागी तुटतो. जो मावण्याजोगा असतो तो अख्खा पुढच्या पानावर जातो आणि मागे अर्धे पान कोरे राहते. वाचणाऱ्याला वाटते, कागद इथेच संपला. हिशेबात कोरी जागा निरुपद्रवी असते काय? मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून अशा जागेवर तिरपी रेघ ओढण्याची रीत उगाच पडलेली नाही.

अक्षर बारीक करणे तर देवनागरीवर सरळ अन्याय आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार; खाली उकार, ऋकार. 6 पॉइंटात रफार पुसट झाला की 'वर्ग'चा 'वग' होतो. जागा वाचली, मजकूर गेला.

आपल्या खतावण्या पाहा. पान भरले की तळाशी बेरीज, आणि पुढच्या पानाच्या माथ्याशी 'मागील पानावरून' असे लिहून तीच बेरीज. हिशेब एका पानात मावावा असा हट्ट कोणत्याही दिवाणजीने धरला नाही. जोड नीट बसावा, एवढाच त्याचा आग्रह होता. संगणकी छपाईच्या जाणकारांनीही हेच केले. लाटेकमधला साधा तक्ता तुटत नाही, म्हणून 'लाँगटेबल' निराळे रचले गेले. त्यात पहिल्या पानाचा मथळा, पुढल्या पानांचा मथळा, मधल्या पानांचा तळ आणि अखेरचा तळ हे चारही वेगवेगळे सांगता येतात. 2006 साली आलेल्या एक्सएसएल-एफओ 1.1 ने तक्त्यातल्या खुणा उचलून पानागणिक बेरीज छापण्याची सोय दिली. तुटणे हाच दोष असता, तर इतका खटाटोप कशासाठी झाला असता?

राहिला तुलना मोडण्याचा मुद्दा. ती पान उलटल्याने मोडत नाही, मथळा हरवल्याने मोडते. मथळ्याच्या ओळी 'टीहेड'मध्ये ठेवल्या की बहुतेक ब्राउझर त्या प्रत्येक पानावर छापतात. खरी मेहनत पुढे आहे. तालुक्याचे नाव एकदाच लिहून तो कप्पा बारा गावांवर पसरवला, तर दुसऱ्या पानावरची गावे बेवारस होतात. ते नाव तिथे पुन्हा छापलेच पाहिजे. एकूण रक्कम 'टीफूट'मध्ये घातली, तर तीही पानोपानी उमटते आणि पहिल्याच पानाखाली सबंध तक्त्याची बेरीज दिसते. हा घात 'तोडूच नका' म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, कारण जोड कसा असावा हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेलाच नसतो.

आमची मागणी थोडी आहे. ओळ मधोमध चिरू नये, मथळा प्रत्येक पानावर यावा, बेरजेची ओळ नव्या पानावर एकटी पडू नये. असा दोनपानी तक्ता आणि 6 पॉइंटात कोंबलेला एकपानी तक्ता शेजारी शेजारी ठेवा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला दोन्ही वाचायला द्या, आणि मग निवाडा करा.