मंत्र, विस्मरण आणि नियम : एका कल्पनाबंधाचे स्थलांतर

एखादा वाङ्मयीन कल्पनाबंध दुसऱ्या माध्यमात शिरला की आपण त्यास 'प्रभाव' म्हणतो आणि बहुधा तेथेच थांबतो. काय घेतले याची नोंद होते; घेतलेल्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मागे राहतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या रोल-प्लेइंग गेममधील जादूची नियमव्यवस्था या दृष्टीने विचारार्ह ठरते. टेबलाभोवती बसून एकाने प्रसंग सांगायचा, इतरांनी एकेका पात्राच्या वतीने कृती सांगायची आणि अनिश्चित तेथे फाशांनी निर्णय करायचा, असे या भूमिकाखेळाचे स्वरूप आहे. कथनाबरोबर येथे नियमांचा ग्रंथही असतो. हा ग्रंथ वाङ्मयाचे एक प्रकारे वाचनच करीत असतो, असे येथे सुचवावयाचे आहे.

जॅक व्हान्स यांचा 'द डाइंग अर्थ' हा कथासंग्रह १९५० साली प्रसिद्ध झाला. सूर्य विझत आलेल्या दूरच्या भविष्यात या कथा घडतात. एके काळी ज्ञात असलेल्या हजारावर मंत्रांपैकी तेथे सुमारे शंभरच उरले आहेत. मंत्र इतका अवजड असतो, की मॅझिरियनसारखा कसलेला जादूगारही एका वेळी चार प्रबळ किंवा सहा दुय्यम मंत्रच मनात धारण करू शकतो. आणि उच्चारताक्षणी मंत्र स्मृतीतून निघून जातो. मराठी वाचकास ही कल्पना उफराटी वाटेल. आपल्या परंपरेत मंत्र जपाने दृढ होतो, आवृत्तीने सिद्ध होतो. येथे उच्चार हाच लोप आहे. जादूगाराचे हे विस्मरण म्हणजे ज्ञान गमावत चाललेल्या त्या जगाचीच लहान प्रतिकृती होय.

भूमिकाखेळाचे मूळ मात्र युद्धखेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' (१९७१) या नियमपुस्तिकेच्या अद्भुतविषयक पुरवणीत जादूगाराच्या अग्निगोलाचे मोजमाप दगडफेकी यंत्रावरून आणि विजेचे तोफेवरून ठरविलेले आहे. १९७४ साली गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रश्न असा होता की, तलवारबहाद्दर आणि जादूगार एकाच टेबलावर बरोबरीने कसे नांदावेत? जादूला मर्यादा नसेल तर इतर पात्रे निरुपयोगी ठरतात. व्हान्स यांच्या विस्मरणाने ही मर्यादा आयती पुरविली. गायगॅक्स यांनी १९७९ च्या खेळसंचालकांसाठीच्या ग्रंथातील वाचनयादीत व्हान्स यांचे नाव घेतले. खेळातील 'व्हेक्ना' हे नावही व्हान्स यांच्या नावातील रोमन अक्षरे फिरवून केलेले आहे.

ऋण असे उघड असले तरी अर्थ पालटला. नियमग्रंथात विस्मरणाचे कोष्टक झाले : अमुक पातळीच्या जादूगारास दिवसाला अमुक मंत्र. विसरलेला मंत्र दुसऱ्या दिवशी पोथीतून पुन्हा भरून घ्यायचा. मंत्र हा दारूगोळा झाला. शिवाय पात्राची पातळी वाढेल तसे मंत्र वाढत जातात. व्हान्स यांच्या सृष्टीची गती ऱ्हासाकडे आहे, तर खेळाची संचयाकडे. एकच कल्पनाबंध परस्परविरुद्ध इतिहासदृष्टींत बसविला गेला.

पुढील नियमव्यवस्था या पहिल्या वाचनाशी केलेले वाद म्हणून वाचता येतात. 'रूनक्वेस्ट'ने (१९७८) जादू एका व्यवसायापुरती न ठेवता सामान्य पात्रांनाही दिली आणि थोर जादू दैवतसंप्रदायाशी जोडली. 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये (१९८१) मंत्राची किंमत मानसिक संतुलनात मोजावी लागते. परंतु सर्वांत मूलगामी वाद जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हेगन यांच्या 'आर्स मॅजिका'ने (१९८७) मांडला. मध्ययुगीन युरोपात घडणाऱ्या या खेळात पाच क्रिया व दहा विषय यांच्या संयोगातून जादू घडते. क्रिया लॅटिन धातूंची प्रथमपुरुषी रूपे आहेत, तर विषय बहुधा द्वितीया विभक्तीत येतात : 'क्रेओ' म्हणजे मी निर्माण करतो, 'इग्नेम' म्हणजे अग्नीला. मंत्र येथे वाक्य आहे. पूर्वीच्या व्यवस्थेत जादूगाराजवळ तयार मंत्रांचा कोश होता. येथे त्याला व्याकरण मिळाले, आणि पूर्वी कोणी न उच्चारलेले वाक्य रचण्याची मुभाही. ज्या काळातील विद्वानाची भाषा लॅटिन होती, त्या काळातील जादूगारासाठी ही रचना केवळ सोयीची नाही. ती त्याच्या जगाविषयी काही सांगते.

मूळ खेळाचे पुढे काय झाले, हे बोलके आहे. २००८ च्या आवृत्तीने व्हान्सप्रणीत पद्धत बव्हंशी बाजूला सारली. २०१४ च्या आवृत्तीत ती परतली, पण तयार केलेला मंत्र आता उच्चारल्यावर पुसला जात नाही. खर्च होतो तो फक्त त्याचा 'स्लॉट'. संख्या टिकली, विस्मरण गेले.

नियम सोयीसाठी असतात, त्यांत अर्थ कसला शोधावयाचा, असा आक्षेप येईल. पण सोय कोणाची व कशासाठी, हे ठरविताना मूळ संहितेतील काय राखावयाचे आणि काय टाकावयाचे याचा निवाडा झालेलाच असतो. साम्यस्थळांच्या याद्या करणाऱ्या आपल्या प्रभाव-अभ्यासाला हा निवाडा दिसत नाही. त्या पद्धतीने २०१४ च्या ग्रंथातही व्हान्स सापडतील. त्यांच्या कथेतील विझता सूर्य मात्र सापडणार नाही.