दिनविशेष : २० ऑक्टोबर
२०११ : बेंगळुरूत 'नम्म मेट्रो'ची पहिली गाडी प्रवासी घेऊन धावली. उद्घाटन तत्कालीन केंद्रीय नगरविकासमंत्री कमलनाथ यांनी केले. बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता या सुमारे ६.७ किलोमीटरच्या मार्गावर सहा स्थानके होती. दक्षिण भारतातील ही पहिली मेट्रो. तीन डब्यांच्या गाड्या 'बीईएमएल' आणि कोरियाच्या ह्युंदाई रोटेमचा समावेश असलेल्या गटाने पुरवल्या. मुंबईच्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते; इथे ती रुळांलगतच्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्ट दाबाने मिळते. गर्दी वाढल्याने २०१८ पासून सहा डब्यांच्या गाड्या आल्या. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले.