चार कामांची चिप आणि एक चुकलेली ओळ



आजचा भाग कबुलीने सुरू करतो. २०२१ च्या पावसाळ्यात, याच टेबलावर, मी एका पोराला विनाकारण बोललो. पोरगा आमच्याच गल्लीतला, पॉलिटेक्निकला जाणारा. त्याच्या आजीला इन्सुलिन लागते. इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते आणि त्या दिवसांत दुपारी लाइट जायची. फ्रिजमध्ये खरोखर किती अंश आहेत, याची नोंद लॅपटॉपवर ठेवावी, असे त्याच्या मनात आले. मी म्हटले, चल, दोघे मिळून करू.

तापमान मोजणारी एलएम७५ नावाची इवलीशी चिप घेतली. ती आय-टू-सी नावाच्या दोन तारांवर बोलते. लॅपटॉपला फक्त यूएसबी कळते. मध्ये दुवा हवा, म्हणून सीएच३४१ए ही चिनी चिप बसवलेले स्वस्तातले बोर्ड मागवले. अठ्ठावीस पायांची ही चिप चार-पाच कामे करते. सिरियल पोर्ट होते, प्रिंटरचा पोर्ट होते, समांतर तारांवर माहिती देते-घेते, आय-टू-सी बोलते, एसपीआय बोलते. लिनक्ससाठी तिचा आय-टू-सीपुरता ड्रायव्हर आम्हीच लिहिला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तो चालला. पोराच्या नव्या लॅपटॉपवर चालेना.

"काका, माझ्याकडे होतच नाही."

"वायर सैल असेल. नीट बघत नाहीस तू."

त्याने तीनदा वायरी काढून लावल्या. मी तीनदा तेच म्हटले. चूक त्याची नव्हती. ती कुठे होती हे समजायला थोडा इतिहास सांगावा लागेल.

फौजेत ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा. संगणकातला ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. भिलाईच्या माणसाला दुभाषा समजावून सांगावा लागत नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. मधल्या काळात रशियन इंजिनिअर आणि आपले कामगार यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. भट्टी तीच, लोखंड तेच, पण दुभाषा नसेल तर काम बंद. ऑपरेटिंग सिस्टिम आणि यंत्र यांच्यामध्ये ड्रायव्हर असाच उभा असतो.

आधी हे काम सोपे होते. सिरियल पोर्टचा आरएस-२३२ हा नियम १९६० चा. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तेव्हा पहिल्या सिरियल पोर्टचा पत्ता ठरलेला होता, ३एफ८. (हा सोळाच्या पायावरचा आकडा. त्यात नऊनंतर ए ते एफ ही अक्षरे येतात.) त्या पत्त्यावर एक बाइट लिहिला की तो तारेवर बाहेर पडायचा. प्रिंटरचा पोर्ट ३७८ वर. पत्ता माहीत असला की कोणीही थेट दार ठोठवावे. पण दारे मोजकी होती. माउस लावला की मोडेमला जागा नाही, आणि नवे कार्ड घालायचे तर संगणक उघडायचा, पत्ते आपापसांत भिडू नयेत म्हणून जंपर बदलायचे.

ही कटकट संपवायला यूएसबी आली. तिच्या मागच्या मंडळींत अजय भट्ट हे नाव मोठे. शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. बडोद्याच्या श्रोत्यांना सांगायला नको, तिथल्या तंत्रशिक्षणाची मुळे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनात आहेत. भट्ट १९९० मध्ये इंटेलमध्ये गेले. घरात साधा प्रिंटर जोडताना होणारा त्रास पाहून हा विचार मनात आला, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. एका यजमान संगणकावर १२७ उपकरणे, वेग सेकंदाला दीड किंवा बारा मेगाबिट.

वापरणाऱ्याचे काम सोपे झाले, ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे अवघड. यूएसबीत उपकरण आपणहून बोलत नाही. संगणक विचारतो, मग ते उत्तर देते. पत्ताही कायमचा नसतो, जोडल्यावर मिळतो. म्हणून जोडताक्षणी संगणक दोन आकडे विचारतो, बनवणारा कोण आणि वस्तू कोणती. प्रत्येक ड्रायव्हरकडे आपण ओळखतो त्या आकड्यांची यादी असते. यादीत जोडी सापडली की तो ड्रायव्हर उपकरणाचा ताबा घेतो. हे दोन आकडे म्हणजे उपकरणाचे ओळखपत्र. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला भल्याभल्यांची फजिती झाली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडला आणि सगळ्यांसमोर निळा पडदा आला. लिनक्समध्ये १९९९ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः यूएसबीची छोटी, नवी सुरुवात लिहिली, आणि जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या हाती आली.

त्याच काळात जुन्या सिरियल उपकरणांचा प्रश्न उभा राहिला. कारखान्यातली मोजयंत्रे, वजनकाटे, प्रयोगशाळेतली उपकरणे आरएस-२३२ बोलणारी, आणि नव्या संगणकांवरून तो पोर्ट गायब होऊ लागलेला. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीच्या चिपांनी ही दरी भरली. त्यांचा लिनक्स ड्रायव्हर १९९९ पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि बिल रायडर यांनी लिहिला. या कामात किती बारकावे असतात पाहा. ही चिप चौसष्ट बाइटांचा गठ्ठा पाठवते, पण त्यातले पहिले दोन बाइट तिच्या स्वतःच्या प्रकृतीची खबर असतात. खरी माहिती बासष्टच. ड्रायव्हरने दर गठ्ठ्याचे ते दोन बाइट गाळले नाहीत, तर तुमच्या वजनकाट्याच्या आकड्यांत कचरा मिसळतो.

सीएच३४१ चा सिरियल ड्रायव्हर २००७ मध्ये फ्रँक किंग्जवुड यांनी लिहिला. फाइलच्या डोक्यावरच त्यांनी टीप ठेवली आहे, की चिप सिरियल, प्रिंटर, मेमरीसारखा पोर्ट आणि आय-टू-सी अशी कामे करते, हा ड्रायव्हर मात्र फक्त सिरियलपुरता आहे. प्रामाणिक माणसाने घातलेली सीमारेषा.

मग एका चिपची अनेक कामे सांभाळायची कशी? याचा एक नमुना २०१४ मध्ये दिसला. डिओलन कंपनीच्या डीएलएन-२ या जोडणीसाठी इंटेलच्या ऑक्टेव्हियन पुर्डिला यांनी लिहिलेला ड्रायव्हर २०१५ च्या सुरुवातीच्या ३.१९ आवृत्तीत आला. रचना एकत्र कुटुंबासारखी. यूएसबीशी बोलणारा कर्ता एकच. त्याच्या हाताखाली आय-टू-सी, एसपीआय आणि साध्या पिना सांभाळणारे वेगवेगळे ड्रायव्हर. तार एक, निरोप अनेक, म्हणून प्रत्येक निरोपावर तो कोणत्या खात्याचा हे लिहिलेले, शिवाय एक क्रमांक. उत्तर तोच क्रमांक घेऊन परत येते, म्हणजे कोणाचे उत्तर कोणाला द्यायचे यात घोळ नाही. फौजेतल्या सिग्नल सेंटरमध्ये बसलेल्या माणसाला ही रीत नवी वाटणार नाही.

ओळखपत्राचे महत्त्व दाखवणारी दुसरी घटनाही २०१४ चीच. एफटीडीआयच्या चिपांच्या नकला बाजारात भरपूर होत्या. त्या वर्षी विंडोजच्या अपडेटमधून आलेला कंपनीचा नवा ड्रायव्हर नकली चिप ओळखून तिचा वस्तू-क्रमांकच शून्य करून टाकू लागला. क्रमांक पुसला की कोणताही ड्रायव्हर तिला ओळखेना. चिप धडधाकट, पण ओळखपत्र फाडलेले. आरडाओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सच्या मंडळींनी काय केले? आपल्या यादीत शून्य क्रमांकाची एक ओळ घातली आणि त्या बेवारस चिपांना पुन्हा घरात घेतले. नकली माल विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण ज्याने भोळेपणाने बोर्ड घेतले, त्याचे यंत्र बंद पाडणे मला पटत नाही. शिक्षा गुन्हेगाराला व्हावी, गिऱ्हाइकाला नाही.

आता आमच्या टेबलावर परत येऊ. सीएच३४१ए च्या बोर्डावर एक जंपर असतो. तो सिरियलच्या जागी असेल तर ओळखपत्रावर १ए८६ आणि ५५२३ हे आकडे येतात. दुसऱ्या जागी लावला की १ए८६ आणि ५५१२. चिप तीच, पण काम बदलले की क्रमांक बदलतो. म्हणजे हा क्रमांक चिपचा नाही, तिच्या कामाचा आहे. आमचा ड्रायव्हर ५५१२ ओळखणारा होता. त्यात फार काही नव्हते. ०xएए म्हणजे आय-टू-सीची आज्ञा सुरू, ०x७४ म्हणजे बोलायला लाग, ०x७५ म्हणजे थांब. बत्तीस बाइटांच्या गठ्ठ्यात या आज्ञा बसवायच्या आणि उत्तर वाचायचे. एलएम७५ चा पत्ता ०x४८.

तीनदा वायरी बदलून झाल्यावर रात्री मी ते केले जे पहिल्या मिनिटाला करायला हवे होते. कर्नलची नोंदवही वाचली. (हा कर्नल फौजेतला नव्हे, लिनक्सचा गाभा.) तिथे स्वच्छ लिहिले होते की सीएच३४१ च्या सिरियल ड्रायव्हरने हे उपकरण ताब्यात घेतले असून त्याला टीटीवाय-यूएसबी-० हे नाव दिले आहे. आमच्या ड्रायव्हरला कोणी हाकच मारली नव्हती. दुसरा दुभाषा आधीच खुर्चीत जाऊन बसला होता, आणि त्याला ही भाषा येत नव्हती.

असे का झाले? २०२० च्या शेवटी त्या सिरियल ड्रायव्हरच्या यादीत एक ओळ वाढवली गेली होती, ५५१२ ची. हेतू चांगलाच असणार, एका चिपला आधार मिळावा हा. पण क्रमांक चिपचा समजला गेला, कामाचा आहे हे निसटले. माझ्या लॅपटॉपवरचे लिनक्स त्या ओळीच्या आधीचे, पोराचे नंतरचे. म्हणून माझे चालत होते, त्याचे नाही, आणि वायरी दोघांच्याही घट्ट होत्या.

सिरियल ड्रायव्हर कायमचा बंद करून चालणार नव्हते, पोराचे कॉलेजचे दुसरे बोर्ड त्यावरच चालत होते. मग तेवढ्या एका उपकरणावरचा त्याचा ताबा सोडवला आणि आमच्या ड्रायव्हरला दिला. दोन आज्ञांचे काम. पडद्यावर सत्तावीस अंश उमटले, आमच्या बैठकीचे.

२०२२ मध्ये ती ओळख चुकल्याचे कोणीतरी रीतसर दाखवून दिले, कारणासह, आणि ओळ काढून टाकली गेली. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. चूक सर्वांसमोर झाली, सर्वांना वाचता येईल अशा जागी होती, म्हणून दुरुस्तही सर्वांसमोर झाली. २०१४ मध्ये ज्यांचे बोर्ड बंद पडले, त्यांना त्या ड्रायव्हरच्या आत डोकावता येत नव्हते. कोहक्यातल्या एका पोराला मात्र आपल्या ड्रायव्हरला खुर्ची का मिळत नाही, हे वाचून कळले. झोतभट्टी दुसऱ्याच्या नकाशावर उभी राहू शकते, पण ती चालवत ठेवायची तर नकाशा आपल्याला वाचता यायला हवा. भिलाईने हे एकदा शिकून घेतले आहे. आपल्या दवाखान्यांत, कारखान्यांत, फौजेच्या तळांवर आज ज्या लहान लहान चिपा बसल्या आहेत, त्यांच्याबाबतही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराच्या घरी गेलो आणि त्याच्या आजीसमोर म्हटले, वायरी बरोबर होत्या, मी चुकलो. तो म्हणाला, "काका, ते असू द्या. आज लाइट जायच्या आत लावून टाकू."

लावले. आठवडाभराच्या नोंदीत दिसले की फ्रिजच्या दारातला कप्पा दुपारी आठ अंशांच्या वर जातो, आतला मधला कप्पा जात नाही. इन्सुलिन दारात ठेवलेले होते. ते त्या दिवसापासून मधल्या कप्प्यात गेले.

तुमच्यापैकी कोणी असे बोर्ड घेऊन बसला असाल, तर वायरीला आणि पोराला दोष देण्याआधी दोन गोष्टी पाहा. जंपर कुठे आहे, आणि नोंदवहीत ताबा कोणाकडे आहे. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.