साधनांची गर्दी आणि साधनांची साक्ष

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. तेव्हापासून मराठीत विचारप्रधान निबंधाची जी परंपरा चालत आली आहे, तिच्यात इतिहासविषयक निबंधाचे स्थान फार मोठे आहे. काही स्थळी तर या निबंधांनी लोकांच्या समजुती मुळापासून बदलल्या. तथापि आज संशोधनपर म्हणून जे लेखन पुढे येते त्यातील बरेचसे वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. लेखकाने ग्रंथ पुष्कळ पाहिलेले असतात, अवतरणांचा भरणाही असतो; परंतु या साऱ्या ग्रंथांचे एकमेकांशी नाते काय, त्यांत कोणाचे म्हणणे का स्वीकारावे आणि कोणाचे का टाकावे, याचा निवाडा मात्र कोठेच आढळत नाही. याच्या उलट दुसरा एक वर्ग आहे. त्याचा निवाडा आरंभीच ठरलेला असतो आणि साधने केवळ त्याच्या पुष्टीसाठी गोळा केलेली असतात. पहिल्या प्रकारात साधने आहेत, पण युक्तिवाद नाही. दुसऱ्यात युक्तिवाद आहे, पण साधनांना बोलण्याची मुभा नाही. खरा संशोधनपर निबंध या दोहोंहून वेगळा असतो. तो कसा असतो याचे उत्तर परकीय ग्रंथांत धुंडाळण्याचे कारण नाही. आपल्याच इतिहाससंशोधनात त्याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ते म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद.

या वादाची पार्श्वभूमी राजवाड्यांच्या कार्यात आहे. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे पानिपतच्या सुमाराची आहेत. त्या खंडाच्या प्रस्तावनेने मराठी अभ्यासकाला एक नवी सवय लावली. प्रसंग घडत असताना लिहिलेले पत्र आणि प्रसंगानंतर दोन-तीन पिढ्यांनी लिहिलेली बखर यांची योग्यता सारखी मानता येत नाही, हे तत्त्व राजवाड्यांनी प्रत्यक्ष उदाहरणांनी पटवून दिले. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली आणि या दृष्टीला एक कायमचे घर मिळाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जात असे. उत्तरकालीन बखरींचा कल त्याच वर्षाकडे होता. ग्रँट डफनेही आपल्या १८२६ च्या इतिहासात १६२७ हेच वर्ष दिले, आणि त्याचा ग्रंथ शाळांतून व भाषांतरांतून सर्वत्र पसरल्यामुळे ते वर्ष जणू सिद्ध होऊन बसले. वरवर पाहणाऱ्याला या पक्षाचे बळ मोठे वाटेल. इतक्या बखरी, इतके इतिहासकार, इतकी पाठ्यपुस्तके! परंतु येथेच संशोधकाने थांबून विचारावयाचे असते, की हे साक्षीदार खरोखर अनेक आहेत काय? ग्रँट डफला माहिती मिळाली ती मराठी कागदांतून व बखरींतून. पाठ्यपुस्तकांना मिळाली ती ग्रँट डफकडून. बखरकारांनीही एकमेकांच्या बखरी पाहिल्या असणे अगदी स्वाभाविक होते. एका झऱ्याचे पाणी दहा घागरींत भरले म्हणून झरे दहा होत नाहीत.

शिवाय या बखरींचे आपापसांतही जमत नव्हते. लोकमान्य टिळकांनी १९०० साली 'केसरी'तून या प्रश्नाची चर्चा केली, तेव्हा बखरींतील तिथी-वारांच्या विसंगतीकडे लक्ष वेधले गेले. जेथे वैशाख शुद्ध द्वितीयेला गुरुवार जोडलेला आहे, तेथे गणित करून पाहिले असता शके १५४९ मध्ये त्या तिथीस तो वार येत नाही. पंचांग हा मोठा निःस्पृह साक्षीदार आहे. तो कोणाच्या पदरी नसतो आणि कोणाचे ऐकून सांगत नाही.

पुढे कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली उजेडात आली, आणि १९१६ साली टिळकांनीच ती मंडळाच्या द्वारे प्रसिद्ध केली. तीत जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. जन्मस्थान शिवनेरी दिले आहे. ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० या दिवसाशी जुळते. (ही तारीख जुन्या जूलियन गणनेची आहे, आज प्रचलित असलेल्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० हा येतो.) गणित केले असता त्या दिवशी फाल्गुन वद्य तृतीयाही येते आणि शुक्रवारही येतो. बखरींच्या तिथीला जी परीक्षा जड गेली, ती शकावलीच्या तिथीने सहज पार केली.

तरीही एवढ्यावर निकाल देणे घाईचे झाले असते, आणि तत्कालीन अभ्यासकांनी तो दिलाही नाही. शकावली ही रोजच्या रोज लिहिलेली रोजनिशी नव्हे. नोंदी मागाहून एकत्र केल्या असतील, असा आक्षेप घेता येतो. वार जुळतो एवढ्याने तिथी खरी ठरत नाही, कारण एखादा जाणता जोशी मागील वर्षाचा वार गणिताने काढू शकतो. हे आक्षेप पोकळ नाहीत. त्यांना उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग असा, की जेथे पडताळा घेता येतो तेथे शकावली कितपत खरी ठरते हे पाहावे. १६५९ च्या नोव्हेंबरातील अफझलखानाच्या वधासारखे प्रसंग इंग्रजांच्या राजापूर वखारीच्या पत्रव्यवहारातही उमटले आहेत. अशा ठिकाणी साक्षीदार विश्वासास उतरला, तर जेथे दुसरा पुरावा नाही तेथेही त्याच्या शब्दाला वजन येते. दुसरा मार्ग म्हणजे शकावलीशी ज्याचा संबंध पोहोचत नाही असा साक्षीदार शोधणे.

असा साक्षीदार तंजावरास मिळाला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची प्रत तेथील सरस्वती महालात उपलब्ध झाली, आणि स. म. दिवेकर यांनी संपादिलेले हे काव्य १९२७ साली प्रसिद्ध झाले. परमानंद हा महाराजांच्या आश्रयाचा कवी. त्यानेही जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेसच सांगितला आहे. त्याच सुमारास पंडित गौरीशंकर हीराचंद ओझा यांच्या शोधामुळे जोधपूर येथील एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातील कुंडली पुढे आली. तिनेही या पक्षाला बळकटी आणली. मावळातील देशमुखांचे दप्तर, कावेरीकाठचे संस्कृत काव्य आणि मारवाडातील कुंडली! यांच्या भाषा वेगळ्या, हेतू वेगळे, लिहिणारे वेगळे. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे म्हणण्यास जागा उरत नाही. १९२५ च्या 'शिवचरित्रप्रदीप'मध्ये द. वि. आपटे व दिवेकर यांनी अशी साधने एकत्र मांडली, तेव्हा मराठी वाचकाला निकालाबरोबर त्या निकालाचा हिशेबही मिळाला. वाद त्यानंतरही चालला. १९६६ साली महाराष्ट्र शासनाने त्यासाठी इतिहासज्ञांची समितीही नेमली. आज शासन १९ फेब्रुवारी हीच तारीख मानते. परंतु शासनाने मानली म्हणून ही तिथी खरी ठरली असे नव्हे. तिचे बळ तीन ठिकाणच्या तीन स्वतंत्र साक्षींत आहे.

या उदाहरणावरून आम्ही जे प्रतिपादू इच्छितो ते हेच. निबंधात किती ग्रंथांचा उल्लेख आहे यावर त्याची योग्यता ठरत नसून, त्या ग्रंथांमागे स्वतंत्र साक्षी किती आहेत हे लेखकाने शोधले की नाही यावर ती ठरते. ज्याला आपण साधनांचा समन्वय म्हणतो त्याचा पहिला टप्पा वंशावळीचा आहे: कोणते विधान कोणापासून निघाले आणि कोणी कोणाचे उचलले. ही वंशावळ मांडली म्हणजे दहा नावांची दोन होतात, आणि कधी एकाकी वाटणारे एखादे टिपण शंभर पृष्ठांच्या ग्रंथाहून भारी ठरते.

दुसरा टप्पा साक्षीदाराच्या हितसंबंधाचा. याचे उदाहरण संभाजी महाराजांच्या चरित्रात आहे. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या बखरीत संभाजीराजांचे चित्र काळ्या रंगात रंगविले आहे, आणि पुढील नाटककार व कादंबरीकारांनी तो रंग अधिकच गडद केला. आता हे मल्हार रामराव बाळाजी आवजींच्या घराण्यातील, आणि बाळाजी आवजींना १६८१ साली संभाजीराजांच्या आज्ञेने देहान्त शिक्षा झाली होती. एवढी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे बखर वाचण्याची दृष्टी बदलते. वा. सी. बेंद्रे यांनी मराठी कागदांच्या जोडीला परकीय साधने लावून लिहिलेले संभाजीचरित्र १९६० साली प्रसिद्ध झाले. गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातील कागद पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याआधीच उजेडात आणले होते. १६८३ साली पोर्तुगीज विजरईने फोंड्यावर चाल केली आणि संभाजीराजांनी तिचा पाडाव करून खुद्द गोव्यापर्यंत धडक मारली, ही हकीकत शत्रूच्याच कागदांतून वाचली म्हणजे व्यसनात बुडालेल्या राजाचे बखरीतील चित्र टिकत नाही. शत्रू जेव्हा स्तुती करण्याच्या हेतूवाचून पराक्रमाची नोंद करतो, तेव्हा ती नोंद फार मोलाची असते.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. वैर होते म्हणून चिटणिसांचे प्रत्येक विधान असत्य, असा निष्कर्ष काढणे हीही एक प्रकारची घाईच होय. वैर्‍याच्या तोंडूनही सत्य निघते. त्याला दुसरीकडून आधार मागावयाचा, एवढेच. काळे चित्र पुसून त्या जागी निर्दोष देवमूर्ती बसविणाऱ्याने साधनांचा समन्वय केला असे म्हणता येणार नाही. त्याने फक्त वकील बदलला.

तिसरा टप्पा प्रतिपक्षाचा. उत्तम निबंध आपल्या विरुद्धचे मत त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडतो आणि मग त्याला उत्तर देतो. शके १५४९ च्या पक्षाला मूर्ख ठरवून १५५१ सिद्ध होत नाही. जुन्या अभ्यासकांपुढे जी साधने होती त्यांवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष त्या काळी अवाजवी नव्हता. टिळकांनी १९०० साली उपलब्ध बखरींवरून चर्चा केली आणि नवे साधन हाती येताच ते स्वतः लोकांपुढे ठेवले, ही गोष्ट प्रत्येक निबंधलेखकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. निष्कर्षाची व्याप्ती पुराव्याच्या व्याप्तीएवढीच असावी आणि नव्या पुराव्यासाठी दार उघडे असावे.

हा विषय आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही, याचे कारण आम्ही राहतो तो प्रदेश. रामनगर हे गाव सुपा धरणामुळे उठलेल्या लोकांच्या वसाहतीने वाढले. ज्याच्या नावाने हा सारा तालुका पूर्वी ओळखला जाई ते जुने सुपे काळी नदीच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याला जोयडा हे नाव मिळाले. गावच बुडाल्यावर देवळे, घरांचे चौथरे, बाजाराची जागा ही मूक साधने नष्टप्राय झाली. उरले आहेत ते कागद आणि वृद्धांच्या आठवणी. यांपैकी कागद एके ठिकाणी नाहीत. हा मुलूख सोंदे संस्थानाच्या छायेतला. हैदरअलीने १७६३ च्या सुमारास ते संस्थान घेतले तेव्हा सोंद्याचा राजा गोव्यात आश्रयास गेला, म्हणून काही साक्ष पणजीच्या दप्तरात. १७९९ नंतर कानडा जिल्हा इंग्रजांकडे जाऊन मद्रास इलाख्यात मोडू लागला, म्हणून काही चेन्नईस. १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला आणि १८८३ साली त्याचे गॅझेटियर छापले गेले, म्हणून काही मुंबईस. १९५६ नंतरचे कागद कर्नाटक राज्याचे. त्याहून मागे गेले तर शेजारच्या खानापूर तालुक्यातील हलशी, म्हणजे प्राचीन पलाशिका, येथील कदंबांचे संस्कृत ताम्रपट आहेत. फ्लीटने ते एकोणिसाव्या शतकात वाचून प्रसिद्ध केले.

अशा प्रदेशाचा इतिहास एका भाषेच्या आधारे लिहिता येणार नाही. मराठीचा अभिमानी केवळ मराठी कागद पाहील, कानडीचा केवळ कानडी शिलालेख, आणि कोकणी बोलणारा गोव्याकडेच पाहील. तर तीन निबंध तयार होतील आणि इतिहास एकही होणार नाही. याहून मोठे भय दुसरेच आहे. सुप्याविषयी आज कोणी निराधार विधान छापले, तर पडताळा घेण्यास जमीनच उरलेली नाही. ते विधान स्मरणिकेतून स्मरणिकेत आणि तेथून विद्यार्थ्यांच्या निबंधांत जाईल, आणि वीस वर्षांनी त्याला वीस आधार असल्याचे दिसेल. ग्रँट डफच्या १६२७ चे जे झाले तेच येथे होईल. महाराजांच्या बाबतीत कारी, तंजावर आणि जोधपूर येथून साक्षीदार आले; सुप्यासाठी ते आपणहून येतील असे मानण्यास आधार नाही.

यास्तव आमची सूचना साधी आहे. धरणापूर्वीचे सुपे डोळ्यांनी पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी त्या सांगणाऱ्याचे वय, राहण्याची जागा आणि सांगण्याचा दिवस यांसह टिपून ठेवाव्यात. स्वतः पाहिलेले कोणते आणि वाडवडिलांकडून ऐकलेले कोणते हे त्यात वेगळे करावे. दोन माणसांचे म्हणणे जुळले तर ती शेजारी होती काय, एकाच घरातील होती काय, हेही विचारावे. घरोघरच्या पेट्यांतील सनदा, पावत्या, शेतसाऱ्याचे कागद आणि लग्नपत्रिका यांच्या नकला कराव्यात, मग त्या मोडीत असोत वा कानडीत. शाळांतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना निबंध लिहावयास देताना 'पाच ग्रंथांचे आधार द्या' असे न सांगता 'दोन आधार द्या आणि ते परस्परांपासून स्वतंत्र का आहेत ते लिहा' असे सांगावे. मुलांना हे अवघड जाईल असे कोणी म्हणेल. परंतु गावात उठलेली कंडी कोणापासून निघाली हे मुले नेहमीच शोधून काढतात. तीच बुद्धी कागदाला लावावयाची आहे. आठवणी सांगणारे वृद्ध दिवसेंदिवस थोडे होत आहेत. हे काम प्रथम हाती घ्यावे.