पन्हाळीचे तोंड कोणीकडे?

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तिथे, अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तीच नदी खाली उतरून बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द यांच्या मधून वाहू लागते, तोवर पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरवर आलेला असतो. घराच्या छपराला पन्हाळ लावण्याची गरज आधी कुणाला पडली असेल, असे विचारले तर कोणीही वरच्या, मुसळधार पावसाच्या गावांकडे बोट दाखवील. आपल्या मुलखापुरते तरी उत्तर उलटे आहे. घाटमाथ्यावरच्या जुन्या घराला पन्हाळीवाचून काही अडत नव्हते. बेलापूरसारख्या कमी पावसाच्या गावात मात्र पन्हाळीशिवाय घर उभे राहिले नसते.

याचे कारण छपरात आहे. जिथे पाऊस फार, तिथे छप्पर उतरते. आढ्यावर पडलेले पाणी दोन्ही पाख्यांवरून वळचणीला येते आणि पागोळ्यांनी सगळ्या कडेने वाटून खाली पडते. वळचण हात-दीड हात पुढे काढली की भिंत कोरडी राहते. खाली जमीन खडकाळ, उताराची. पाणी थांबायचे कारण नाही. उलट देशावर पाऊस कमी, मोठे लाकूड महाग आणि उन्हाळा कडक. तिथे घर धाब्याचे. सपाट, जाड मातीच्या माळवदामुळे खाली गारवा राहतो, आणि वर मिरच्या, कुरडया, शेंगा वाळवायला नि रात्री अंथरूण टाकायला ऐसपैस जागा मिळते. पण सपाट छपरावर पडलेल्या पाण्याला आपोआप जायला वाटच नसते. म्हणून ते एका कोपऱ्याकडे वळवायचे आणि कठड्याला भोक पाडून बाहेर फेकायचे. त्या भोकात बसवलेली लाकडाची, दगडाची, पुढे पत्र्याची चोच म्हणजे आपली मूळची पन्हाळ. कुठे तिला परनाळ म्हणतात, कुठे पन्हळ.

धाबे घालणे हे कसबी काम होते. तुळयांवर कडीपाट किंवा किलचा, त्यावर काड्याकुड्यांचा नाहीतर पाल्याचा थर, त्यावर चिखल आणि सगळ्यांत वर खारी पांढरी माती. ही माती शेताला कुचकामी, पण छपराला सोन्यासारखी. तिच्यातल्या क्षारांमुळे पहिल्या सरीतच मातीचे बारीक कण सुटे होतात, छिद्रांत बसतात आणि वरचा पापुद्रा पाणी आत जाऊ देत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकून धाबे चोपून घ्यायचे, ते याचसाठी. ढाळ मात्र बेताचा ठेवावा लागे. कमी पडला तर पाणी साचून माळवद गळे, जास्त झाला तर पाण्याबरोबर मातीही वाहून जाई. आणि चोच भिंतीपासून पुरेशी पुढे नसली, तर धार थेट मातीच्या भिंतीवर उतरून ती पोखरत असे. छपराचे पाणी एका ठिकाणी गोळा करणे सोपे; ते कुठे पाडायचे हे ठरवणे अवघड. पन्हाळीचा पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

हा प्रश्न फार जुना आहे. सिंधू संस्कृतीत, मोहेंजोदडोच्या पक्क्या घरांत, वरचे पाणी खाली आणण्यासाठी भिंतीत भाजक्या मातीचे उभे नळ बसवलेले सापडले आहेत. त्याच संस्कृतीच्या उत्तरकाळाचा धागा बेलापूरच्या दारापर्यंत येतो. बेलापूरच्या श्रीरामपूर तालुक्यातच, प्रवरेच्याच काठी दायमाबाद आहे. १९५८ मध्ये उजेडात आलेल्या आणि १९७४ मध्ये काशाच्या रथामुळे, हत्ती-गेंड्यांमुळे जगाला माहीत झालेल्या या वस्तीत उत्तर हडप्पा काळाचा थर आहे. मात्र दायमाबादची घरे मातीच्या भिंतींची. नळ भिंतीत गाडण्याची चैन पक्क्या विटांच्या शहरांना परवडणारी होती.

पाणी कुठे पाडायचे याचा कायदा आपल्याकडे नीट लिहिलेला दिसतो तो कौटिलीय अर्थशास्त्रात. तिसऱ्या अधिकरणातल्या घर-जमिनीच्या प्रकरणात घराच्या पाण्याच्या वाटेचा उल्लेख आहे. ती जोरात वाहणारी असो की वरून कोसळणारी. तिच्यासाठी तीन पद किंवा दीड अरत्नी, म्हणजे आजच्या हिशेबाने दोन-अडीच फूट, एवढे माप दिले आहे आणि ते मोडणाऱ्याला ५४ पण (तेव्हाची नाणी) दंड सांगितला आहे. दोन घरांच्या वळचणींमध्ये चार अंगुळे जागा सोडावी, नाहीतर एक वळचण दुसरीवर चढवावी, असेही तिथे म्हटले आहे. गंमत म्हणजे प्राचीन रोममध्येही घराभोवती अडीच फुटांची, म्हणजे जवळपास तेवढीच, मोकळी पट्टी सोडण्याचा नियम होता. छपराचे ठिबकणारे पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क हा तर रोमन कायद्यातला वेगळा विषयच होता. दोन्हीकडच्या कायदेकर्त्यांना पावसापेक्षा शेजारी जास्त ओळखीचे होते, असे यावरून दिसते.

बृहस्पतिस्मृतीने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. घर बांधले तेव्हापासून जी खिडकी, जी प्रणाली (म्हणजे पन्हाळ) जिथे आहे ती तिथून हलवू नये, असा तिचा निवाडा. म्हणजे आधी लावील त्याचा हक्क. इंग्रजी अमलात हेच सूत्र सुविधाधिकाराच्या नावाने परत आले. १८८२ चा हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्यानुसार एखादी सुविधा वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि बिनतक्रार भोगली, तर तिचा हक्क सांगता येतो. गावात नवे घर बांधताना शेजारचे म्हातारे काठी टेकत येऊन, 'परनाळ कुणीकडं काढतोस रे बाबा?' असे आधी विचारतात, ते उगाच नाही.

प्रणालीला मानाची जागा मिळाली ती देवळात. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी दगडी प्रणाली पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या देवळात साधारणपणे उत्तरेच्या भिंतीतून काढतात. तिच्या टोकाला मकराचे नाहीतर गाईचे तोंड. शंकराच्या देवळात ही धार ओलांडायची नाही, म्हणून प्रदक्षिणा अर्ध्यातून परत फिरते. तिला सोमसूत्री म्हणतात. घराच्या पन्हाळीला हे भाग्य नाही, पण तत्त्व एकच: पाणी पडण्याची जागा आधी ठरते, माणसांनी कुठून चालायचे ते नंतर.

चोच पाणी लांब फेकते, पण वारा सुटला की धार परत भिंतीवर येते. यावर उपाय म्हणजे पाणी न फेकता नळाने जमिनीपर्यंत उतरवणे. इंग्लंडमध्ये याची प्रसिद्ध नोंद १२४० ची आहे. लंडनच्या किल्ल्यातल्या मोठ्या बुरुजाला पांढरी सफेदी दिली होती. पावसाने ती खराब होऊ नये, म्हणून तिसऱ्या हेन्री राजाने शिशाचे नळ थेट जमिनीपर्यंत आणण्याचा हुकूम केला. राजाच्या भिंतीला जे जमले ते सामान्य घरापर्यंत यायला मात्र कारखान्यात तयार होणाऱ्या स्वस्त पत्र्याची वाट पाहावी लागली.

नालीदार पत्र्याचे एकस्व लंडनच्या हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये घेतले. पुढच्या दशकात लोखंडावर जस्त चढवण्याची रीत आली आणि पत्रा गंजायचा थांबला. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि या भागाला बेलापूर नावाचे स्टेशन मिळाले. ते आज श्रीरामपूर शहरात आहे, नाव मात्र अजून बेलापूरच. गाडीने पत्रा आणि कौल देशावर आणणे सोपे केले. १९२० च्या दशकात हरेगावला साखर कारखाना आला, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांनी पैसा आणला. सपाट धाब्यांच्या मुलखात उतरती छपरे दिसू लागली.

इथे पन्हाळीने रूप बदलले. उतरत्या पत्र्याचे पाणी सगळ्या कडेने पडते आणि अंगणात चर पाडते. म्हणून कडेखाली अर्धगोल पत्र्याची लांब नळी आडवी टांगायची आणि टोकाला उभा नळ जोडायचा. धाब्याची पन्हाळ गोळा झालेले पाणी बाहेर फेकत होती. पत्र्याची पन्हाळ पडणारे पाणी गोळा करू लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड मातीच्या माळवदांखाली हजारो माणसे गेली, आणि धाब्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. आता स्लॅब नाहीतर पत्रा, आणि खाली पीव्हीसी पाइप.

साहित्य बदलले तरी चुका जुन्याच आहेत. पहिली चूक पन्हाळ फार खाली किंवा फार पुढे टांगण्याची. पत्र्याची कड पन्हाळीच्या तोंडात साधारण दोन इंच आली पाहिजे, म्हणजे बारीक पावसात पाणी मागे ओघळत नाही आणि जोराच्या सरीत उडी मारून पुढे जात नाही. पन्हाळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली हवी. तुंबलीच तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीत मुरणार नाही. ढाळ दर दहा फुटांना निदान दोन सूत, म्हणजे पाव इंच. तो डोळ्यांनी ठरवायचा नाही. पाण्याची लेव्हल नळी लावून दोरी बांधायची. पन्हाळ धरणाऱ्या पट्ट्या दोन-तीन फुटांवर हव्यात, नाहीतर मध्ये झोळ पडतो आणि त्या झोळात पाने कुजतात.

दुसरी चूक वार्षिक पावसावरून पाइप निवडण्याची. बेलापूरला पाऊस कमी असला तरी वळवाचा आणि परतीचा पाऊस तासा-अर्ध्या तासात झोडपून जातो. तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडत असेल, तर चार इंची उभा पाइप साधारण ४२ चौरस मीटर छपराचे पाणी पेलतो. तीस बाय वीस फुटांचे छप्पर सुमारे ५६ चौरस मीटरचे. म्हणजे त्याला दोन पाइप लागतात. बहुतेक घरांना एकच असतो.

तिसरी चूक सर्वांत महाग. उभा पाइप जोत्याच्या पायथ्याशी आणून सोडायचा आणि काम संपले म्हणायचे. इथली जमीन काळी. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, तिला बोटभर भेगा पडतात. घराच्या एकाच कोपऱ्याला दर पावसाळ्यात पाणी पाजले, तर तो कोपरा बाकी घराबरोबर हलत नाही आणि भिंतीत तिरपी चीर उमटते. लोक मग गवंड्याला, सिमेंटला बोल लावतात.

त्याच ५६ चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पावसात २८,००० लिटर पाणी पडते. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी सोडून दिले आणि थोडे वाया गेले असे धरले, तरी वीस हजार लिटर टाकीत, विहिरीत किंवा शोषखड्ड्यात जाऊ शकते. तेव्हा पन्हाळ बसवणारा आला की फुटाचा भाव विचारण्याआधी त्याला पाणी शेवटी कुठे सोडणार ते विचारा. ते जोत्याशी किंवा शेजाऱ्याच्या दारात सोडणार असेल, तर पट्ट्या ठोकण्याआधीच ढाळ दुसरीकडे फिरवायला सांगा. नंतर तो फिरवणे फार महागात पडते.